फुटलेल्या मिलिंग टेबलावर वेल्डिंगचा रॉड टेकवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या युनिटमधून तुम्ही जुनी हॉरिझॉन्टल मिलिंग मशीन घेतली. गिअरबॉक्स ठीक, स्पिंडल ठीक, पण टेबलाची पार वाट लागलेली. साधारण १३०० बाय ३०० मिमीचं टेबल, त्यात १४ मिमीचे तीन टी-स्लॉट, म्हणजे बोल्ट अडकवायच्या उलट्या टी आकाराच्या खाचा. वर तीस-पस्तीस ड्रिलची भोकं, एंड मिलने खाल्लेल्या दोन लांब चऱ्या, मधल्या स्लॉटचा एका बाजूचा ओठ (वरची पुढे आलेली कड) ११० मिमी लांबीत तुटून गेलेला, आणि स्ट्रेटएज (अचूक सरळ पट्टी) ठेवला की टेबल मध्ये पाव मिमी उंच दिसतं. वेल्डर म्हणतो, निकेल रॉडने सगळं भरून देतो, मग वरून ग्राइंड करून घ्या, नव्यासारखं होईल. हे करावं का?

भाऊ, वेल्डरला सध्या थांबवा. मी ३२ वर्षं जुन्या मशीन उघडून, स्क्रेप करून (उंच जागा स्क्रेपरने हाताने खरवडून) पुन्हा उभ्या करण्याचं काम करतोय. टेबल खराब वापराने जेवढी मेली नाहीत, त्याहून जास्त दुरुस्तीने मेलेली मी पाहिली आहेत. तुमच्या टेबलावर नवीन धातू घालायची खरी गरज एकाच जागी आहे, तुटलेल्या ओठाला. बाकीची भोकं आणि चऱ्या डोळ्याला खुपतात, कामाला खुपत नाहीत. टेबलावर जॉब (कापायचा तुकडा) किंवा व्हाइस बसतो तो उरलेल्या सपाट जागेवर. शंभर चौरस सेंटिमीटरच्या बुडाखाली दहा मिमीची दोन भोकं आली तर त्याने जॉब हलत नाही. भोकाच्या कडेला उचललेला बर, म्हणजे धातूची वर आलेली कड, वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) असला तरी मात्र जॉब तिरपा बसवतो.

वेल्डिंगबद्दल एवढ्या ठामपणे का सांगतो, ते ऐका. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका वर्कशॉपमध्ये असंच टेबल आलं होतं. चाळीसेक भोकं होती. मालकाने हौसेने सगळी भरून घेतली. वेल्डर चांगला होता, रॉडही चांगला होता. दुसऱ्या दिवशी टेबलावर स्ट्रेटएज ठेवला तर दोन्ही टोकं वर आलेली, अर्ध्या मिमीहून जास्त. मग तेवढं ग्राइंडिंगमध्ये काढलं. टोकाकडे स्लॉटचे ओठ तेवढे पातळ झाले, आणि खालच्या डव्हटेल स्लाइड (टेबल ज्यांवर सरकतं त्या तिरक्या कडेच्या पट्ट्या) वाकलेल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. त्या मशीनवर पुढे कधीही लांब चावीघाट (कीवे, शाफ्टवरची चावीची खाच) सरळ निघाला नाही.

हे असं होणारच होतं. टेबल बिडाचं असतं, म्हणजे ग्रे कास्ट आयर्न. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि शेजारचं बीड आपल्याकडे ओढतो. हे आकसणं फक्त वरच्या कातडीत होतं, पोटात नाही, म्हणून टेबल होडीसारखं वर वळतं. दुसरं, वेल्डच्या शेजारचं बीड झटकन थंड होऊन काचेसारखं कडक होतं. निकेलचा रॉड स्वतः मऊ राहतो आणि त्यावर मशीनिंग होतं, पण त्याच्या कडेला त्या कडक बिडाची जी बारीक पांढरी रेघ असते तिच्यावर होत नाही. स्क्रेपर तिथे घसरतो आणि शेजारचं मऊ बीड खाली जातं. काही महिन्यांनी प्रत्येक भोकाभोवती एक कडक कडं वर आलेलं हाताला लागतं.

तुमचं टेबल मध्ये फुगलेलं आहे, वेल्डिंग टोकं वर ओढतं, मग दोन्ही मिळून सरळ होईल, असंही कुणीतरी तुम्हाला सांगेल. दिशा बरोबर आहे. पण किती ओढायचं आणि कुठे थांबायचं हे कुणाच्याच हातात नसतं. टेबल आरपार तडकलं असेल तर वेल्डिंगचा विचार करावा लागतो. तेव्हाही अख्खं टेबल भट्टीत तापवून, राखेत किंवा ब्लँकेटमध्ये हळूहळू थंड करून, नंतर खालून-वरून सगळं पुन्हा मशीन करायची तयारी हवी. तुमच्या टेबलाला ती वेळ आलेली नाही.

आता त्या पाव मिमीकडे येऊ, कारण माझा त्या आकड्यावर अजून विश्वास नाही. तुम्ही मोजलं कधी? दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये, एका बाजूने कूलर चालू असताना मोजलं असेल तर तो आकडा टेबलाचा एकट्याचा नाही. साधा हिशोब करा. बीड एका अंशाला एका मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढतं. १३०० मिमी लांब आणि ७० मिमी जाड टेबलाचा वरचा भाग खालच्यापेक्षा फक्त एक अंश जास्त गरम असला, तर टेबल मध्ये सुमारे ३३ मायक्रॉन फुगतं. दोन अंशांचा फरक पडला तर ६६. आपल्याकडे मे महिन्यात पत्रा इतका तापतो की त्याच्याखाली उभं राहिलं तरी डोक्याला झळ लागते. त्या झळेत टेबलाच्या वरच्या आणि खालच्या बाजूत दोन अंशांचा फरक पडणं अजिबात कठीण नाही. माझे उस्ताद मे महिन्यात पहाटे साडेपाचला मोजमाप घेत. एकदा मी दुपारी डायल (मायक्रॉन दाखवणारं काट्याचं मापक) लावून बसलो तर म्हणाले, "काहून घाई करून राहिला? लोखंडाले झोपू दे, सकाळी खरं बोलते ते."

तेव्हा असं करा. आदल्या संध्याकाळी टेबल पुसून ठेवा, कूलर बंद, पश्चिमेची खिडकी झाकलेली. स्ट्रेटएजही त्याच टेबलाशेजारी रात्रभर राहू द्या. सकाळी सूर्य चढायच्या आत मोजा. स्ट्रेटएज हातमोजा घालून उचला, कारण तळहाताच्या उबेनेही तो वाकतो.

मोजण्याआधी आणखी एक काम आहे आणि ते वगळायचं नाही. चांगला सपाट ऑइलस्टोन घ्या, दोन थेंब केरोसीन टाका आणि सगळ्या टेबलावर हलक्या हाताने फिरवा. दाबू नका, दगडाचं वजन पुरे. दगड जिथे अडतो तिथे करकर आवाज येतो आणि भोकाच्या कडेला चकचकीत कडं दिसू लागतं. तो उचललेला बर. तो आवाज जाईपर्यंत फिरवा. वीस-पंचवीस वर्षं हातोडीचे ठोके आणि जॉब आपटणं सोसलेल्या टेबलावर असे बर शेकड्याने असतात. एका टेबलावर मला आधी १८० मायक्रॉनचा फुगवटा दिसला होता, दगड फिरवल्यावर तो ९० उरला. निम्मा आजार बरांचाच होता.

आता डायलबद्दल. बहुतेक जण स्पिंडलवर किंवा ओव्हरआर्मवर (मशीनच्या वरच्या आडव्या हातावर) डायल बांधतात, टेबल इकडून तिकडे चालवतात, काटा हलला नाही की टेबल सरळ आहे म्हणतात. हा डायल फसवतो. टेबलाची वरची बाजू आणि खालची स्लाइड दोन्ही एकाच वाकात असतील, तर छोट्या सॅडलवरून (टेबलाखालचा, ज्यावर ते सरकतं तो भाग) जाताना टेबल त्याच कमानीत वर-खाली होत जातं आणि डायलखालची जागा त्याच उंचीवर राहते. काटा शून्यावर आणि टेबल केळ्यासारखं. म्हणून आधी स्ट्रेटएज, मग डायल. एक मीटरचा स्ट्रेटएज असेल तर दोन्ही टोकांपासून साधारण २२० मिमी आत, बरोबर १० मिमीच्या दोन स्लिप गेजवर (अचूक जाडीच्या ठोकळ्यांवर) तो टेकवा. त्या जागी टेकवला की तो स्वतःच्या वजनाने सगळ्यात कमी झुकतो. मग दर १०० मिमीवर खाली किती फट आहे ते स्लिप आणि फिलरने (मापाच्या पातळ पात्यांनी) बघा, आणि खडूने टेबलावरच आकडा लिहा. मध्ये १० ची स्लिप जात नाही, ९.९० ची जाते, म्हणजे तिथे १०० मायक्रॉन उंच. स्ट्रेटएज सरकवत पूर्ण लांबी घ्या, कर्णातही घ्या.

तुटलेल्या ओठावर आता जरा थांबतो, कारण तुमचं खरं काम तिथे आहे.

ओठ म्हणजे टी-नट (स्लॉटमध्ये सरकणारा, बोल्ट धरणारा नट) ज्याच्या पोटाखाली अडकतो तो वरचा भाग. १४ च्या स्लॉटमध्ये तो जेमतेम पंधरा मिमी जाड असतो आणि प्रत्येक बाजूने फक्त पाच मिमीच्या आसपास पुढे आलेला असतो. १२ मिमीच्या बोल्टवर ८० न्यूटन मीटरचा टॉर्क दिला तर ओढ सव्वातीन टनांच्या पुढे जाते. पान्याला पाइप लावणारा माणूस याच्या दुप्पट सहज लावतो. तरी सरळ ओढीने ओठ क्वचित तुटतो. तुमचा तुकडा सापडला असेल तर त्याचा तळ आणि त्याखालचा स्लॉटचा तळ बघा. तळाला गोल खळगे दिसले, तर स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) टी-नटच्या आरपार जाऊन स्लॉटच्या तळावर टेकला होता. मग स्टड खाली दाबतो, नट वर चढतो, आणि टेबल जॅकसारखं फाटतं. मी बघितलेल्या तुटलेल्या ओठांपैकी बहुतेकांच्या खाली हे खळगे होते.

दुरुस्ती अशी. तुटलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना चांगल्या धातूत ४०-४० मिमी आत जा, म्हणजे तुमचा खण १९० मिमी लांब होईल. रुंदीला स्लॉटच्या कडेपासून ३०-३२ मिमी. शेजारच्या स्लॉटच्या बाजूला निदान १५ मिमीची भिंत शिल्लक राहिली पाहिजे, आधी ती मोजा. खोली स्लॉटच्या तळापर्यंत. खणाचे कोपरे चौकोनी ठेवू नका, बिडात चौकोनी कोपरा म्हणजे तडकेला आमंत्रण. कटरचा जो गोल येईल तो राहू द्या आणि ठोकळ्याचे कोपरे त्याला जुळवा.

ठोकळा कशाचा? टेबल बिडाचं म्हणून ठोकळाही बिडाचाच, असं मीही पूर्वी करत होतो. आता ओठासाठी मी ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील) वापरतो. ओठ वरच्या ओढीने तुटतो आणि ओढ सहन करण्यात ईएन ८ बिडाच्या दुपटीहून पुढे आहे. उन्हाळ्या-हिवाळ्यात दोघांच्या वाढण्यात फरक पडतो तो १९० मिमीत काही मायक्रॉनचा, त्याची काळजी नको. मात्र हा ठोकळा खणात ठोकून बसवू नका. इथे चांगले चांगले फिटर चुकतात. घट्ट बसवलं की मजबूत, असं वाटतं, पण घट्ट ठोकळा पाचरीसारखा टेबलाला लांबीत ताणतो आणि ते अजून फुगतं. हाताने सरकून बसेल, सगळीकडे ३० ते ५० मायक्रॉन मोकळीक राहील, असा करा. ती मोकळीक लॉकटाइटसारखं रिटेनिंग कंपाउंड भरून काढतं.

पकड बोल्टची. एम १० चे चार अॅलन बोल्ट वरून, डोकं आत बुडवून. त्यांची रांग ठोकळ्याच्या मध्यावर घेऊ नका, स्लॉटच्या बाजूला सरकवा. टी-नट ओठ वर ओढतो तेव्हा ठोकळा मागच्या कडेवर टेकून उलटायला बघतो. बोल्ट जितका ओठाजवळ तितका तो उलटणं चांगलं रोखतो. खाली बिडात आटे २० मिमी तरी पकडले पाहिजेत. ड्रिल करण्याआधी टेबल उलटं करून खाली डव्हटेल, तेलाच्या चऱ्या आणि लीड स्क्रूची जागा नक्की कुठे येते ते आखून घ्या. स्लाइडमध्ये ड्रिल बाहेर आलं की हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. शेवटी ठोकळ्याची जागा पक्की धरायला दोन ८ मिमीच्या डॉवेल पिना, बोल्टच्या डोक्यांवर बिडाची बूच, आणि ठोकळा टेबलापेक्षा ०.२ मिमी उंच ठेवा. टेबल ग्राइंड होईल तेव्हा तोही त्याच्यासोबत खाली येईल.

सगळं चिकटवण्याआधी सफाई करावी लागते आणि ती कंटाळवाणी आहे. जुन्या बिडाने वर्षानुवर्षं तेल प्यालेलं असतं. थिनरने पुसलं की कोरडं दिसतं, हॉट एअर गनने कोमट करा, तेल पुन्हा घामासारखं वर येतं. पुसा, कोमट करा, पुसा. फडक्याला डाग पडायचा थांबेपर्यंत. मी पाच-सहा वेळा तरी करतो.

भोकांपैकी जी आरपार आहेत तीच बंद करा, कारण त्यातून कूलंट आणि बिडाचा चुरा खाली स्लाइडवर पडतो. बिडाचं सैल बसणारं बूच आणि रिटेनिंग कंपाउंड, किंवा धातूची पूड असलेलं एपॉक्सी. वरची पातळी टेबलापेक्षा किंचित खाली ठेवा. आट्यांचं बूच पिळून घट्ट बसवू नका, कारण तेही ठोकळ्यासारखंच टेबल ताणतं, आणि तीस बुचं मिळून बरंच ताणतात. बाकीच्या भोकांना आणि चऱ्यांना कडेला बारीक चॅम्फर (तिरका काप) मारून सोडून द्या. एवढं लक्षात ठेवा की चरीवर कुठला बारीक जॉब अधांतरी बसवायचा नाही.

आता वाक. टेबल मध्ये का फुगलं, तर वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी वरची कातडी पसरली. पसरलेली कातडी आणि न पसरलेलं पोट यांच्या ओढाताणीत टेबलाला कमान आली. यातली चांगली गोष्ट अशी की ही ताणलेली कातडी ग्राइंडिंगमध्ये निघाली की टेबल स्वतःहून थोडं सरळ होतं. म्हणून एका फेरीत काम संपवायचं नाही. सकाळच्या मोजणीत फुगवटा ५०-६० मायक्रॉनच निघाला तर हाताने स्क्रेप करा, जमेल. दीडशेच्या पुढे असेल तर हाताने करू नका. स्क्रेपिंगच्या एका फेरीत पाच ते दहा मायक्रॉन जातं, खांदे निकामी होतील. मोठं स्लाइडवे ग्राइंडर किंवा चांगल्या स्थितीतलं प्लॅनो मिलिंग शोधा. हिंगणा आणि बुटीबोरीच्या बाजूला विचारत फिरलात तर जॉबवर्क घेणारे भेटतील. पण द्यायच्या आधी त्यांच्या मशीनवर नुकतंच निघालेलं एखादं लांब काम स्ट्रेटएजखाली बघून घ्या.

क्रम महत्त्वाचा. आधी ठोकळा बसवणं पूर्ण. मग वरच्या बाजूचा हलका कट, फक्त टेकायला सपाट होईल इतका, आणि रात्रभर मोकळं ठेवा. मग टेबल उलटं करून खालच्या स्लाइड आणि डव्हटेल सरळ करा, ग्राइंड किंवा स्क्रेप. टेबलाचा खरा आधार त्या आहेत. त्यानंतर पुन्हा सुलटं करून, त्या स्लाइडवर टेकवून, वरची बाजू त्यांना समांतर काढा. बरेच जण फक्त वरचं तोंड चकचकीत करून आणतात आणि वाकलेल्या स्लाइडवर बसवतात. टेबल आरशासारखं, आणि जॉब पुन्हा कमानीत.

ग्राइंडरवाल्याला एक गोष्ट स्वतः उभं राहून सांगा. टेबल त्याच्या बेडवर क्लॅम्पने दाबून सरळ करायचं नाही. दाबलेलं टेबल ग्राइंड होताना सरळ दिसतं, क्लॅम्प सोडला की पुन्हा कमान. तीन बिंदूंवर टेकवा, बाकी फट असेल तिथे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) भरून फक्त आधार द्या, आणि प्रत्येक क्लॅम्प आवळताना शेजारी डायल लावा. काटा पाच मायक्रॉनपेक्षा जास्त हलला तर शिम कमी-जास्त करा. आणि काढायचं कमीत कमी. फुगवटा शंभर मायक्रॉनचा असेल तर दीडशे-दोनशेत काम भागतं. जुन्या चऱ्या पूर्ण जाईपर्यंत काढा असं सांगून टेबल पातळ करून घेऊ नका.

ग्राइंड होऊन आलेल्या टेबलाला मी तरी वरून एक स्क्रेपिंग देतो, ब्लू (टेकणाऱ्या जागा दाखवणारा निळा रंग) लावून, चौरस इंचात दहा-बारा स्पॉट येईपर्यंत. गुळगुळीत ग्राइंड केलेल्या तोंडावर व्हाइस तेलाने चिकटतो आणि सरकवताना झटका देतो. स्क्रेपच्या बारीक खळग्यांत तेल राहतं, व्हाइस सुरळीत सरकतो आणि नीट बसतो. हे काम मला आजही मनापासून आवडतं. निळ्या डागांतून काळे ठिपके हळूहळू वाढत जाताना बघायला वेळ कसा जातो ते कळत नाही.

जोडताना सॅडलकडेही बघा. टेबल जेव्हा एका बाजूला लांब बाहेर निघतं तेव्हा त्याचं दीडशे-दोनशे किलो वजन सॅडलच्या टोकावर येतं, म्हणून सॅडलची टोकं जास्त झिजतात आणि मधला भाग उंच राहतो. सरळ केलेलं टेबल त्यावर पाळण्यासारखं डुलेल. टेबल मधोमध आणून एका टोकाला हाताने वर उचला, सॅडलजवळ डायल लावून. काटा किती हलतो ते सांगेल की सॅडल स्क्रेप करायचा आहे की गिब (स्लाइडमधला सैलपणा काढायची पट्टी) आवळून भागतंय. झिजलेल्या सॅडलवर फक्त गिब आवळली तर मध्ये टेबल सैल आणि टोकाला जाम होतं.

सगळं झालं की डबाभर जुने टी-नट बाहेर काढा आणि एकेक हातात घेऊन बघा. ज्याच्या तळाला आटे आरपार मोकळे आहेत, त्याच्या शेवटच्या आट्यावर सेंटर पंचने दोन-तीन ठोके मारून तो बंद करा, म्हणजे स्टड तिथेच अडेल. ज्यांची लांबी स्टडच्या व्यासाच्या दीडपटीहून कमी आहे ते, आणि डोकं घासून गोल केलेले साधे बोल्ट, भंगारात टाका. मग १२ चा स्टड घालून पहिला क्लॅम्प टॉर्क रेंचने आवळा, नव्या ओठावर डायल लावून. काटा काही मायक्रॉन वर गेला आणि सैल केल्यावर जिथून निघाला तिथेच परत आला, तर ठोकळा बसला.